पाठमोरी

माझ्या भावाने आयुष्यभर माणूस काढला नाही. मोठाले कागद, त्यावर काळी शाई, कुठे जाड पट्टा, कुठे नुसता ओघळ आणि मधे भरपूर कोरी जागा. मुंबईत त्याची प्रदर्शनं व्हायची, जाणकार मंडळी त्या कोऱ्या जागेसमोर हनुवटीला हात लावून उभी राहायची. मी त्याला म्हणायचे, "अरे, निदान एक कावळा तरी काढ, शाई सत्कारणी लागेल." तो हसायचा. माझं बोलणं त्याने कधी मनावर घेतलं नाही, तेवढं बरं.

आई एकदाच प्रदर्शनाला आली. तिचं काम कापडाचं. लूमवरून उतरलेलं कोरं कापड घडी होण्याआधी तपासतात, त्यावर तेलाचे, ग्रीसचे डाग सापडले की ते काढायला बायका बसवतात. अंबाडीकडचं गाव सोडून आई लग्नानंतर भिवंडीत आली आणि तेव्हापासून डागच काढत बसली. त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून ती सगळं दालन फिरली, एका चित्रासमोर थांबली आणि शेजारी उभ्या असलेल्या एका उंची अत्तर लावलेल्या बाईंना म्हणाली, "ह्यो ग्रीसचा डाग हाय. ताजा असताना माझ्याकडं द्यायला पायजे व्हता, निघला असता." भाऊ हा किस्सा मित्रांना रंगवून सांगायचा. आपण काय करतो ते आपल्या आईला दिसतच नाही, हे मात्र त्याला लागायचं.

मग त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली आणि तो आमच्याकडे परत आला. आमची खोली एकच, लांबट. आत अंधाऱ्या बाजूला त्याची खाट. तो एकटा पडू नये म्हणून आईने कापड तपासायच्या गाळ्यावर जाणं सोडलं आणि कापडाचा गठ्ठा घरी आणून काम करू लागली. उजेड फक्त दारातून येतो, म्हणून ती दाराकडे तोंड करून बसायची. तिची पाठ दिवसभर त्याच्याकडे. मी गोदामातल्या ड्युटीवरून आले की दोघं तशीच दिसायची, ती घासते आहे आणि तो बघतो आहे. बाहेर शेजारच्या कारखान्याचा खडखडाट चालू.

एके दिवशी आई त्याच्यासाठी नवस बोलायला वज्रेश्वरीला गेली. मी घरी आले तेव्हा त्याच्या बोटांना शाई लागली होती. मला जवळ बोलावून त्याने आईच्या गठ्ठ्यातला एक कापडाचा तुकडा समोर धरला. त्यावर त्याने साध्या पेनाच्या शाईने, ब्रशने चित्र काढलं होतं. मोजक्याच रेघा. एक वाकलेली पाठ, एक गुडघा वर, डावा खांदा उतरलेला, मानेवर अंबाड्याचा काळा गोळा आणि पुढे गेलेल्या हाताची एक रेघ, कापडाच्या कडेपर्यंत. चेहरा नाही.

"आई," मी म्हटलं.

"ओळखलीस?" त्याने तुकडा आणखी पुढे धरला.

मला रडू आलं आणि रडू आलं की मी भांडते. "तोंड का नाही काढलंस?"

"काढलं असतं तर म्हणाली असती, माझा नाक असा न्हाय."

तेही खरंच होतं. शाई वाळल्यावर त्याने तुकडा घडी करून गादीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी डायलिसिसवरून आल्यावर दाखवू, असं ठरलं. त्या रात्री आई प्रसाद घेऊन थकून आली, तिला लगेच झोप लागली.

सकाळी आम्ही रिक्षाने ठाण्याला गेलो. परतताना कशेळीच्या पुलावर नेहमीसारखे कंटेनर अडकलेले. एरवी डायलिसिसनंतर तो डोळे मिटून पडायचा, तोंडातून शब्द निघायचा नाही. त्या दिवशी मात्र बोलत होता. "कापडावर आहे, म्हणून ती नीट बघेल. कागद ती बघत नाही. कापड बघते." थोड्या वेळाने म्हणाला, "तिने ओळखलं ना, की मला आणखी काही नको." मी त्याला गप्प बस म्हटलं, धूर छातीत जातोय. मला भीती वाटत होती. इतकी आशा मी त्याच्या तोंडावर बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

घरासमोरच्या दोरीवर तो तुकडा वाळत घातला होता. पांढरा. भावाने तो रिक्षातूनच पाहिला असणार, कारण उतरताना त्याने माझा दंड घट्ट धरला.

त्याला खाटेवर निजवल्यावर आईने मला बाहेर ओढलं. "चादर बदलाया गेले, तं गादीखाली सापडला," ती कुजबुजली. "शाईची बाटली लवंडली गो त्याच्या हातून. केवढा डाग! बिचाऱ्यानं भिऊन लपवून ठेवला. कांजीचा कापड, शाई आत मुरली नव्हती, निघली सगळी. त्याला काय बोलू नको हां. आजारी माणूस, हातून सांडतंच. उगा लाजंल."

तिचा चेहरा उजळला होता. लेकाची चूक कुणाला कळायच्या आत तिने निस्तरली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायचं कुणावर तेच कळत नव्हतं.

आत गेले तर भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. "तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

"का नको? तिला कळायला नको? तू तिचं चित्र काढलंस..."

"कळलं तर ती उरलेला जन्म तेच धूत बसेल."

दुसऱ्या दिवशी कापड न्यायला टेम्पो आला. आईने त्या तुकड्याची इतर कापडांबरोबर चापून घडी घातली. त्याला कांजीचा हातही दिला होता, ओळखू येईना. भावाने खाटेवर पडल्या पडल्या गठ्ठा उचलला जाताना पाहिला आणि मग पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

मी नवीन शाई आणली, कोरं कापड आणलं. त्याने एकदा ब्रश हातात घेतला. कापडावर एक थेंब पडला. त्या थेंबाकडे बराच वेळ बघून त्याने ब्रश माझ्याकडे दिला. "राहू दे," म्हणाला. पुढच्याच महिन्यात तो गेला.

भेटायला मुंबईहून लोक आले. त्याच्या काळ्या चित्रांबद्दल बोलले, चहा न घेता गेले. एकाने आईला विचारलं, तुमचं चित्र आहे का हो त्यांनी काढलेलं? आई नाही म्हणाली. सुतक फिटल्यावर कापडाचा पहिला गठ्ठा आला, तेव्हा काम करता करता तिने मला विचारलं, "माझा चित्र कवाच कसा न्हाय काढला गो त्यानं?"

शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण त्याचं 'सांगू नकोस'ही होतं, आणि समोर बसलेल्या तिच्या हातात डाग घासायचा ब्रश होता. "माणसं काढायचाच नाही तो, आये," मी म्हटलं.

"न्हाय गो. मीच मेली सदा पाठ करून बसायची. त्याला माझा तोंड दिसलाच न्हाय, तं काढणार काय?"

मी स्वयंपाकाच्या कट्ट्याशी जाऊन नळ सोडला आणि तो तसाच वाहू दिला.

तेव्हापासून आई दाराकडे पाठ करून, खाटेकडे तोंड करून बसते. उजेड मागून येतो, कापडावर तिचीच सावली पडते. गाळ्यावरून तक्रार येते की आजकाल डाग राहतात. मी तिला म्हणते, आये, दाराकडे वळून बस. ती वळत नाही.