सुमनचं हलकं जॅकेट

आज वर्ष झालं. माझी बायको सुमन आजारानं गेली. पाण्यात बुडून नव्हे.

हे आधीच सांगतो, कारण कयाकचं नाव काढलं की लोक तेच धरून बसतात.

सुमन जतची. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन तिचं लहानपण गेलं. लग्न होऊन पाण्याला तोटा नसलेल्या मलकापूरला आली, तरी कुठं नळ ठिबकताना दिसला की जीव खालीवर व्हायचा तिचा.

साठी उलटल्यावर मुलानं आम्हाला दोघांपुरती कयाक घेऊन दिली. लांब, अरुंद होडी. वल्ही आपली आपण मारायची.

त्याआधी एकदा कोयनेच्या बॅकवॉटरला भाड्याच्या कयाकमध्ये बसलो होतो, तर बाई तासभर नुसती पाण्याकडं बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "एवढं पाणी, आन् आवाज म्हणून न्हाई."

मग सांगलीला लाइफ जॅकेट घ्यायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "काका, कयाकला फोमचंच घ्या. घातलं की काम झालं. हवेच्याला दोरी ओढावी लागते, मग सिलिंडरमधला गॅस भरून ते फुगतं."

सुमननं फोमचं चढवलं, आरशात बघितलं.

"आवं, ह्यात मी भरल्या पोत्यागत दिसती. ते हलकं घ्या की."

"पाण्यात कोण बघाय येणार हाय?"

"तुमी हायसा न्हवं?"

चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बोलली नव्हती. मी गारच पडलो.

तिला हवेचं घेतलं. मला फोमचं.

घरी शेजारणी जमल्या. सुमननं अंगणात दोरी ओढली. फस्स! जॅकेट टम्म. बायका हसून हसून बेजार.

मग तिनं हवा काढली, लुगड्यासारखी नीट घडी घातली आणि कपाटात ठेवलं.

सिलिंडर एकदाच चालतो. नंतर नवा बसवायचा असतो. सोबत कागद होता, आम्ही वाचला नाही. फौजेत वीस वर्षं रायफल तपासल्याशिवाय न झोपणारा मी!

पुढच्या रविवारी कोयनेच्या पाण्यात वळताना दोघं एकाच अंगाला कललो. कयाक उलटली.

तिनं दोरी ओढली.

पुन्हा ओढली.

काही नाही.

तिला पोहता येत नव्हतं. मी तिच्या जॅकेटचा पट्टा धरला, आणि माझ्या एकट्याच्या फोमवर दोघं कसेबसे काठाला लागलो.

मी म्हणालो, "बास. आता पाण्याचं नाव काढायचं न्हाई."

ती केस पिळत होती.

"जन्मभर वाट बघितली त्याची. एकदा नाकातोंडात गेलं म्हणून रुसू व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी फोमचं आणलं. गळ्याला काचतं म्हणून तिनं आतून सुती कापडाची पट्टी शिवली.

पुढं तीन वर्षं आम्ही पाण्यावर होतो. काही रविवार तर स्वप्नातलेच वाटतात आता.

शेवटच्या खेपेला तिच्या अंगात बळ नव्हतं. वल्हं मांडीवर आडवं. डोंगर पाण्यात उतरलेला. तिला पलीकडचा काठ दाखवायचा म्हणून मी जोर लावत होतो.

"आवं, थांबा की जरा."

"दमलीस?"

"न्हाई. मला कुठंच जायचं न्हाई. हितंच बरं हाय."

मी वल्हं उचलून धरलं. त्याच्या टोकावरून थेंब पडत राहिले. होडी आपली आपण हळूहळू फिरत राहिली.

किती वेळ, ठाऊक नाही.

सुमन, भरल्या मनानं तुला निरोप.