काचेच्या कोपऱ्यातला ठिपका

"चष्मा खलास," बू फहद म्हणाले आणि चष्मा उघडाच काउंटरवर ठेवला.

ही त्यांची तिसरी खेप. बू फहद म्हणजे पोलिसातून रिटायर झालेले, साठीचे बहरीनी गृहस्थ. मी मनामातल्या एका चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट होते. म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी. नोकरीला तीन महिने होत आले होते.

"गाडी ओके. टीव्ही ओके," त्यांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं. "रायफल में मफी. कुछ नहीं दिखता."

मी त्यांना परत खुर्चीत बसवलं. काचा बदलत गेले. "वन ऑर टू?" एवढंच विचारायचे मी पेशंटला. बाकीचं बोलणं सेल्समन करायचे, मला ते सोयीचं होतं. बू फहदनी तक्त्यावरची शेवटची ओळ सरळ वाचून दाखवली. नंबर बरोबर होता. आधीही दोन वेळा बरोबरच निघाला होता.

मॅनेजर मॅथ्यूसाहेबांनी मला आत बोलावलं.

"नंबर राँग है क्या?"

"नो सर."

"तो वो झूठ बोलता है? पुलिसवाला है, बाबा!" त्यांनी माझी फाइल माझ्याकडे सरकवली. "शनिवार को तुम्हारा प्रोबेशन खतम. कस्टमर ऐसे वापस आता रहा तो मैं कन्फर्मेशन पे साइन कैसे करूँ?"

मी फाइलवरच्या माझ्या फोटोकडे बघत राहिले. बाहेर आले तर बू फहद अजून उभेच होते. दोन आठवड्यांनी ते थोरल्या भावाबरोबर कझाकस्तानच्या डोंगरात शिकारीला जाणार होते. त्यांचा एक नियम होता. शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही तळहाताएवढ्या जागेत. नाही जमलं तर त्या वर्षी जायचं नाही.

"आधा मारा हुआ जानवर पहाड़ में घूमेगा," ते म्हणाले. "वो हराम है." मग म्हणाले, "कल जुमा है. रेंज पे आओ. खुद देखो."

मला नाही म्हणता आलं नाही. कुणालाच कधी म्हणता यायचं नाही.

घरी सांगितलं तर बाबांनी ताटावरून मान वर केली. बाबा अकोल्याकडचे. सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये टेक्निशियन.

"चांदमारीवर चालली का तू?" नेमबाजीच्या मैदानाला ते चांदमारी म्हणायचे. "बंदुकीच्या पुढे नको उभी राहू बाप्पा. मी येतो सोडायला."

"ओके," मी म्हटलं. मला मराठी कळायची सगळी, पण घरी माझी उत्तरं इंग्लिशमध्येच जायची.

नोव्हेंबरची सकाळ होती. झल्लाकच्या रस्त्यावर समुद्राकडून धुकं आलं होतं आणि वाळू कुठे संपते, पाणी कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. तेलाचे पाइप रस्त्याबरोबर बराच वेळ चालत राहिले आणि मग धुक्यात गेले. बाबा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने मान चोळत होते. हे ते नेहमीच करायचे.

रेंज म्हणजे एक पत्र्याची शेड, जमिनीवर अंथरलेल्या चटया आणि समोर मातीचा उंच बांध. बांधापुढे कागदी टार्गेट. बू फहदनी माझ्या कानांवर इअरमफ चढवले आणि सगळं जग एकदम लांब गेलं. मला ते फार आवडलं. कुणी काही विचारणार नव्हतं. गोळी सुटली की आवाजाऐवजी छातीत एक हलका धक्का जाणवायचा, आणि बांधावरून धुळीचा एक फुगा उठून सावकाश विरायचा. दूरचा पांढरा कागद धुक्यात तरंगत होता. मी तिथे कशासाठी आले आहे हे काही मिनिटं मी विसरूनच गेले.

पाच गोळ्या झाल्यावर शिट्टी वाजली, रायफली रिकाम्या करून ठेवल्या गेल्या आणि बू फहद जाऊन कागद घेऊन आले. भोकं कागदभर पसरली होती.

"देखा?"

"व्हॉट डू यू सी?" मी विचारलं. पहिल्यांदाच.

नळीच्या टोकाला एक बारीक काडी असते. तिला माशी म्हणतात, हे शेडमध्ये थांबलेल्या बाबांनी सांगितलं. नेम धरताना ती निशाणाच्या खाली बसवायची. बू फहदनी दोन बोटं वर केली. त्यांना माश्या दोन दिसत होत्या. एक खरी, एक तिच्या शेजारी पुसट.

खुर्चीत बसून तर त्यांना सगळं एकेकच दिसत होतं.

मी त्यांना रिकामी रायफल घेऊन परत आडवं व्हायला सांगितलं आणि चटईशेजारी वाळूत गुडघ्यांवर बसले. त्यांनी गाल लाकडावर टेकवला. डोकं खाली झुकलं, डोळा वर गेला. चष्मा घसरला. माझ्याकडे काचेवर खूण करायचं पेन होतं. डोळ्याची बाहुली जिथे दिसत होती तिथे मी काचेवर एक ठिपका दिला.

ठिपका वरच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, फ्रेमला जवळजवळ चिकटून आला.

प्रत्येक काचेला एक मधली जागा असते, ऑप्टिकल सेंटर. नजर तिथून सरळ गेली तरच नंबर पूर्ण लागू पडतो. त्यांच्यासारख्या मोठ्या नंबरच्या काचेत कोपऱ्यातून तिरकं बघितलं की एका रेघेच्या दोन होतात. मी त्यांचे डोळे तीन वेळा तपासले होते, तिन्ही वेळा ताठ बसवून. शिकार कोण ताठ बसून करतं? हे विचारायला मला तीन खेपा आणि एक शुक्रवार लागला.

बाबांच्या गाडीतल्या औषधाच्या डब्यातली पट्टी घडी करून मी चष्म्याच्या नाकपुलाखाली लावली. चष्मा वर सरकला. माशी जवळ, निशाण लांब, आणि साठीचा डोळा दोन्हीकडे पळू शकत नाही, म्हणून नंबर किंचित उतरवणारी, दुकानातून सोबत आणलेली एक सुटी काच पुढे चिकटवली.

"यल्ला, चलो," बू फहद म्हणाले.

पाच धक्के. पाच फुगे. मी श्वास मोजत होते. कागद आला. चार भोकं जवळजवळ, पाचवं थोडं बाहेर. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. पाचवं बोटांच्या पलीकडे राहिलं.

"मफी," ते म्हणाले, पण हसत. "पट्टी हिलती है. पक्का बनाओ."

शनिवारी मी मॅथ्यूसाहेबांना सगळं सांगितलं, चूक माझीच होती हेसुद्धा. ते लॅबला फोन लावून म्हणाले, "अर्जंट." सेंटर ठिपक्यावर आणून नवा चष्मा बनला. दिसायला विचित्र, घालून चालायला निरुपयोगी. पुढच्या शुक्रवारी बू फहदची पाचही भोकं तळहाताखाली आली. कन्फर्मेशनवर सही त्यानंतर झाली. रिमार्कच्या रकान्यात लिहिलं होतं: काम चांगलं, पेशंटशी बोलायला हवं.

नंबर बरोबर आणि चष्मा चूक असू शकतो, एवढं मी त्यातून शिकले. तेव्हापासून प्रत्येक पेशंटच्या कार्डावर मी पहिली ओळ हाताने लिहिते: काय बघता, कसं बघता?

पहिलं कार्ड बाबांचं. वर लांबचं, खाली जवळचं अशा त्यांच्या दुहेरी चष्म्याचा नंबर मीच काढला होता, त्यांनाही ताठ बसवून.

"बाबा, तुम्ही कामावर काय बघता?" मी मराठीत विचारलं.

ते जरा दचकले. "मीटर बघतो ना. डोक्यावर असतात सारे, पाइपांवर. खालच्या काचेतून वाचाचं म्हणजे मान अशी मागे टाका लागते."

आणि त्यांनी मान चोळली.