आबा आधी विद्यापीठ बघून आले

बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं आणि आमच्या औरंगाबादच्या कॉलेजातले अरबीचे एकुलते एक सर रिटायर झाले. त्यांची जागा भरायची नाही, असं वरून आलं. प्रिन्सिपल म्हणाले, "दुसरा विषय घे, नाहीतर दुसरं विद्यापीठ बघ." दुसरा विषय घे म्हणे! मी काय मंडईत भाजी निवडत होते? "धनगराच्या पोरीला अरबी कशाला?" असं विचारणारे शहरात आणि आमच्या फुलंब्रीकडं पैशाला पासरी होते. सगळ्यांना माझं एकच उत्तर, "माझी फी तुम्ही भरता काय?" दोन्ही वर्षं वर्गात पहिली आले होते, उगाच नाही बोलत.

आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एकदाच सांगितलं. कळपातली दोन मेंढरं विकू, तिसऱ्याला हात लावायचा नाय. दोन मेंढरांत एकच वर्ष निघत होतं. तेवढ्यात डिग्री झाली तर झाली, नाहीतर घरी. दिल्लीचं भाडंच झेपेना, पुण्याचं हॉस्टेल लई महाग. राहिलं हैदराबाद. तिथं आपल्या स्टेशनावरून सरळ गाडी, मेसही स्वस्त. पण तिथून पत्र आलं, बाहेरच्या मुलीला पुन्हा पहिल्या वर्षात बसावं लागेल. दोन वर्षं मातीत! मी पत्र चुरगाळून चुलीकडं फेकलं. आबांनी उचललं, मांडीवर सरळ केलं आणि खिशात घातलं.

"मी बघून येतो," म्हणाले.

आमच्यात कळप हलवायच्या आधी एक जण पुढं जातो. चारा, पाणी, गावची माणसं बघून येतो, मगच मेंढरं निघतात. मी चिडले. "आबा, तिथं काय मेंढरं न्यायचीत का?"

"नाय माय. म्हून तर नीट बघाया पाह्यजे," म्हणाले, आणि माझ्या अरबीच्या वह्या घोंगडीत बांधून गाडीत बसले. ज्याला स्वतःची सही येत नाही तो माणूस!

चार दिवसांनी आले. मेसचं वरण पातळ, पाणी गोड, हॉस्टेलची बाई कडक पण खोटी नाय. आणि अरबीच्या मोठ्या सरांना वह्या दाखवून आले होते. बाजारात बकऱ्या विकून विकून आबांची दखनी, म्हणजे तिकडची उर्दू, पक्की. सर म्हणाले होते, "बच्ची कू लेके आओ, मैं खुद पूछतूं. आया तो तीसरा साल, नहीं तो पहला."

आम्ही दोघं गेलो. गेटवरचा वॉचमन मला बघून म्हणाला, "येइच है क्या अरबीवाली बच्ची?" मेसच्या बाया, शिपाई, सगळ्यांना ठाऊक! माझी लेक तिसऱ्या वर्षाला येणार, असं आबांनी साऱ्या विद्यापीठात सांगून ठेवलं होतं. एकीकडं असा अभिमान वाटला आबांचा, आणि एकीकडं वाटलं, नाही जमलं तर? माझी कपड्यांची पेटी त्यांच्यापाशी ठेवून मी सरांकडं आत गेले.

सरांनी दीड तास पिळून काढलं. शेवटी माझा फॉर्म ओढला आणि तिसरं वर्ष लिहून खाली सही केली. मी पळतच बाहेर आले. आबा पायरीवर बसलेले, पेटी कुठंच नाही.

"आबा, पेटी?"

"हॉस्टेलात. तुझ्या खाटंखाली ठिवली."

"अवो, पण निकाल तर आत्ता लागला!"

"तो तुला पाह्यजे व्हता," आबा म्हणाले. "मला कशाला?"