एक जूनची मुलगी

मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा घरात माझं डोकं खायची. शेजारच्या पोरी दप्तर घेऊन निघाल्या की ही दारात लोळण घ्यायची. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागत. मी हेडमास्तरांना बेधडक सांगितलं, "झाली की सहा!" त्यांनीही फार चौकशी न करता एक जून तारीख टाकली. तेव्हा पनवेलच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच असायचा. पोरीचं वर्ष वाचवलं म्हणून मी आठवडाभर ऐटीत फिरले.

ती ऐट सोळा वर्षांनी अंगाशी आली. जासईच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा माझा नवरा कॅनडातल्या एका बंदरावर कामाला गेला होता. तिथे कायमचं राहायची परवानगी मिळाली तसा तो मला, मुलीला आणि धाकट्या मुलाला बोलवायच्या तयारीला लागला. दिवाळी झाल्यावर मी कागदांची पिशवी घेऊन पनवेलमधल्या एजंटाकडे गेले. त्याने मुलीचा शाळेचा दाखला पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"ताई, बावीसच्या आतलंच मूल आईबापांबरोबर धरतात. ही जूनमध्येच बावीसची झाली. दोघांचा फॉर्म भरू, तुमचा आणि मुलाचा."

"अहो, ती अजून एकवीसचीच आहे! मार्चमध्ये बावीस होईल."

"मग जन्माचा दाखला आणा."

तोच तर नव्हता. ती माझ्या माहेरी, उरणच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात, सुईणीच्या हातून झाली. दवाखान्याचा कागद नाही. पुढेही दाखला काढायला मी कधी गेले नाही. गेले असते तर माझंच खोटं उघडं पडलं असतं.

नवरा फोनवर म्हणाला, "आधी तुम्ही दोघं या, मग तिचं बघू."

"लेकीला मागे टाकून आलेली बायको चालेल तुम्हाला?" मी विचारलं. मुलगी मात्र मलाच समजावत होती, "आई, मी राहीन मावशीकडे. तू जा." तिच्या त्या शहाणपणाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी माहेर गाठलं. आई अंगणात सुकट निवडत होती. मी रडत सगळं सांगितलं, तर तिने मान वर न करताच विचारलं, "नोंद नाय, असं कोन बोलला तुला?"

"केली कुणी मग?"

"तुझ्या बापसानं. पोरगी झाली नि चार दिसांनी शिमगा. सगला कोळीवाडा नाचत होता, नि तुझा बापूस पंचायत कधी उघडते म्हनून वाट बघत बसलेला. उघडली त्या दिशी दर्यावर पन गेला नाय."

वडील मला हे कधीच बोलले नव्हते, आणि आता ते विचारायला उरले नव्हते.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने जुनं रजिस्टर काढलं. ओल लागून पानं एकमेकांना चिकटली होती. मार्चच्या पानावर ती सापडली. बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून नावाच्या जागी नुसतं 'मुलगी'. शेवटी वडिलांची सही. त्यांना लिहिता येत नव्हतं, सही तेवढी चितारायचे. मी त्या सहीवर हात ठेवून तिथेच भोकाड पसरलं. ग्रामसेवक बिचारा पाणी आणायला धावला.

मग मी कुणाला बसू दिलं नाही. नाव चढवून दाखला निघाला, आधारवरची तारीख बदलली, मुलीचा पासपोर्ट आला. दर वेळी साहेब विचारायचे, चूक कुणाची? मी सांगायचे, "माझी." बावीस पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना आमचा अर्ज गेला. एजंट म्हणाला, "ताई, मानलं तुम्हाला." मी म्हटलं, "मला नाही, माझ्या बापाला माना."

पुढचा शिमगा यायच्या आत व्हिसा आले. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "किती जण?"

"तीन!" मी इतक्या जोरात म्हणाले की मागची रांग वळून बघायला लागली.

"आई, हळू," लेक कुजबुजली.

मी तिचा हात घट्ट धरला आणि पुन्हा सांगितलं, "तीन."