पारशी आजींची पाल

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकच पाल मारली, आणि ती सोन्याची होती.

सुरतेत मी दागिन्यांत हिरे बसवायचं काम करतो. त्या दिवशी कारखान्यात एका पारशी आजींचा ब्रोच दुरुस्त होऊन तयार होता. त्यांच्या आईचा, सत्तर वर्षांपूर्वीचा. (त्या काळच्या श्रीमंतांचं फुलापानांवर भागत नसे. साडीवर बेडूक, घुबड, सरडा काहीतरी लागायचं!) हा ब्रोच म्हणजे हुबेहूब पाल: अंगावर हिरवा मिना, पाठीवर हिऱ्यांची रांग, माणकाचे डोळे. संध्याकाळी नातीच्या लग्नात आजींना तो साडीला लावायचा होता. शेठ म्हणाले, "जपून पोचव." मी म्हणालो, "शेठ, बिनधास्त राहा!"

खिशातून पडू नये म्हणून मी तो शर्टाला आतून टोचला. पण लग्नघरी घामट कसं जाणार? आधी डिंडोलीला घरी आलो, शर्ट उलटाच खुंटीला टांगला आणि अंघोळीला गेलो. अमळनेरहून सासूबाई आल्यात हे माहीत असूनही!

साबण लावतोय तोच बाहेर फटाक, फटाक!

टॉवेल गुंडाळून धावलो. सासूबाई झाडू टाकून रडत होत्या.

"जवाईबापू, मन्हा हातथून पाप व्हयनं! तुमना शर्टवर पाल व्हती. मरी गयी!"

"कुठंय ती?"

"सुपडीमा भरी, खिडकीमाईन फेकी दिन्ही. आते सोनानी पाल दान करनी पडी!" (पाल मारल्याचं आमच्याकडे हेच प्रायश्चित्त.) "तुम्ही तेच काम करतस ना, एक घडी द्या!"

"आई, तुमचं दान झालंय!" मी ओरडलो.

खिडकीखाली शेजाऱ्यांचा पत्रा. टॉवेलवरच त्यावर उतरलो. खाली गल्ली जमली.

"काय शोधताय?"

"पाल!"

"आमच्या घरात दोन आहेत, नेता का?"

शेवटी ती पन्हळीत सापडली. आनंदाच्या भरात मी तिचा मुकाच घेतला. खाली बायांनी आपापली पोरं घरात ओढली.

कपडे चढवून आजींकडे गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. नोकरी गेलीच असं धरून चाललो होतो. आजींनी ब्रोच डोळ्यांजवळ नेला.

"दीकरा, एक पथ्थर पडी गयो छे." मग हसून त्यांनी तो साडीला लावलाही. "चालसे!"

मी वाकून नीट पाहिलं. सत्तर वर्षांपूर्वीच्या कारागिराचे सगळे हिरे झाडूचा मार खाऊन जागच्या जागी होते. पडला होता तो एकच, सकाळी मी बसवलेला!