पदराची गाठ

छबूबाईंच्या पदराला कायम एखादी तरी गाठ असायची. निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात त्या गवार-भेंडी विकायला बसायच्या. घरात कुणाला काही हवं असलं, की त्याचा नुसता भाव विचारायच्या, पदराला गाठ मारायच्या आणि घरी यायच्या. पुढच्या बाजारालाही ती वस्तू हवीच वाटली आणि हातात रोकड असली, तरच गाठ सुटायची.

सून संजीवनीनं एकदा मिक्सर हप्त्यावर घ्यायचा विषय काढला, तेव्हा त्या कडाडल्याच. "आधी वापरायचं आन् मग फेडत बसायचं? आमी न्हाय तसलं केलं!"

मिक्सर चार बाजारांनी आला. तोवर संजीवनी धुसफुसत पाट्यावर वाटण वाटत राहिली. आता मोबाईलवर बोट लावलं की सामान दारात येतं, तरी तिचा हात आधी ओढणीच्या टोकाकडे जातो. निम्म्या वस्तू आठवड्याभरात मनातून उतरतात.

गेल्या वर्षी छबूबाई गेल्या. त्यांच्या लुगड्यांच्या घड्या घालताना एका पदराला गाठ सापडली. कशाची, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या बाजारात चष्मेवाल्यानं संजीवनीला हाक मारली. "मावशी दिसत न्हाईत? ह्या काळ्या गॉगलचा भाव तीन बाजार इचारून गेल्या. घालायच्या, आरशात बघून हसायच्या, आन् परत ठिवायच्या."

संजीवनीनं घासाघीस न करता गॉगल घेतला, घरी येऊन सासूबाईंच्या फोटोला लावला, आणि मगच पदराची गाठ सोडली.