ताईच्या नावाने

आमची ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. बहीण माझी, पण डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. सकाळी कुलूप ती काढते, कॉम्प्युटरही तीच आपल्या पासवर्डने चालू करते. मग दिवसभर त्यावर कुणीही बसो, काम ताईच्याच नावावर पडतं. प्रत्येकाने आपापला पासवर्ड वापरावा, असं कॉम्प्युटर बसवणारा सांगून गेला होता. पण समोर उपाशीपोटी आलेली माणसं ताटकळत असताना बंद-चालू करत कोण बसणार? डॉक्टरच म्हणाले, "राहू दे गं उघडाच."

व्हायचं तेच झालं. "रिपोर्ट चुकलाय, सोबतची फाइल बघा" अशी एक मेल आली. कुणीतरी ती उघडली आणि चोरांनी सगळ्यांचे रिपोर्ट उचलून इंटरनेटवर टाकले. उघडली कुणी? कॉम्प्युटर म्हणे, ताईने. ती तेव्हा काउंटरवर होती का आत नमुने लावत होती, ते तिलाही आठवेना.

लॅबचे वकील आले. कायद्याने जबाबदारी लॅबची आणि दंडही लॅबलाच, हे त्यांनी समजावलं. मग हळूच एक कागद पुढे सरकवला. सूचना देऊनही ताईने निष्काळजीपणा केला, असं त्यात होतं. सही केलीत तर लॅबचा दंड हलका होईल, म्हणाले. डॉक्टर खिडकीबाहेर बघत बसले होते.

ताईने घरी हे सांगितलं आणि माझं टाळकंच सटकलं. "इतकी वर्षं राबलीस त्याचं हे बक्षीस? खबरदार सही केलीस तर!"

"ओरडू नकोस, दूध उतू जाईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "सूचना कधी दिली होतीत, डॉक्टर?" त्यांनी मान खाली घातली. मग वकिलांना म्हणाले, "फाडा हो तो कागद." चूक लॅबची, असं लेखी गेलं. ताईचं नाव वाचलं! माझा जीव भांड्यात पडला.

आता प्रत्येक पेशंटला कळवणं लॅबला भाग होतं. ते फोन ताईने स्वतःहून मागून घेतले. रविवारी मी तिचा डबा घेऊन गेले, तेव्हा ती एका शिक्षिकेशी बोलत होती. त्या बाईंनी आपला आजार नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता, आणि आता तो शाळाभर माहीत झाला होता.

"आम्ही माफी मागतो, बाई. जबाबदारी पूर्णपणे लॅबची आहे, तुम्हाला तक्रारही करता येईल," ताई सांगत होती.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. त्या चिडल्या नव्हत्या. "लॅबचं मला काय सांगता? मी तुमच्याकडे येत होते, ताई."

मी फोन हिसकावायला पुढे झाले. अहो, तिची काय चूक! ताईने हातानेच मला थांबवलं.

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडेच येत होतात तुम्ही."